उजवा खालचा कोपरा

कृत्तिकेचा माझा पहिला फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर इतका देखणा दिसला, की मी तो तिथल्या तिथे, शेतातच, दादाला आणि वहिनीला झोपेतून उठवून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुण्याला घरी आले, संगणकावर उघडला आणि मोठा करून पाहिला. मधले तारे बारीक, नेमके. तिथून उजवीकडे सरकत गेले तसे ते आधी जाड झाले, मग लांबट झाले आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तर एकेकाला शेपूट फुटलेलं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, "ताई, त्या फोटोची मोठी प्रिंट काढा, हॉलमध्ये लावू." मी म्हटलं, थोडं काम बाकी आहे. ते थोडं काम अख्खा हिवाळा पुरलं.

आधी सामान सांगते, कारण भांडण त्याच्याशीच आहे. दुर्बीण परावर्ती, म्हणजे भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी, न्यूटनच्या पद्धतीची. नळीच्या तळाशी १५० मिमी व्यासाचा खोलगट आरसा, तोंडाशी तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा, आणि हा छोटा आरसा प्रकाश वळवून जिथून बाहेर काढतो तिथे फोकसर. फोकसर म्हणजे आतबाहेर सरकणारी आखूड नळी. एरवी तिच्यात डोळ्याने बघायची नेत्रिका घालतात, मी तिथे जुना डीएसएलआर कॅमेरा लावला होता, लेन्स काढून. मोठ्या आरशाचं नाभीय अंतर ७५० मिमी. त्याला १५० ने भागलं की ५ येतात, म्हणून ही दुर्बीण 'एफ/५'. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, "ही फास्ट आहे." मला वाटलं, लवकर फिरते.

फोटो अस्पष्ट म्हणजे फोकस चुकला, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून पुढच्या खेपेला फोकसरची चाकी धरून बसले. रोहिणीवर दुर्बीण लावायची, कॅमेऱ्याच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये तारा दहापट मोठा करायचा आणि तो लहानात लहान होईपर्यंत चाकी फिरवायची. पण चाकीला हात लावला की तारा पडदाभर नाचतो, आणि तो शांत होईपर्यंत मघाचा लहान होता की आत्ताचा, तेच आठवत नाही. यावर उपाय बाहतिनोव मास्कचा. पावेल बाहतिनोव या रशियन हौशी माणसाने २००५ मध्ये काढलेली ही युक्ती. पुठ्ठ्याला तीन दिशांच्या बारीक फटी पाडायच्या आणि तो दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचा. मग ताऱ्यातून प्रकाशाच्या तीन रेघा निघतात. दोघी मिळून फुली करतात आणि तिसरी त्या फुलीच्या बरोबर मधून गेली की फोकस लागला. मी घरातल्या एका खोक्याचा पुठ्ठा कापून मास्क केला, तिसरी रेघ अगदी मधोमध आणली आणि समाधानाने कृत्तिकेचे भरपूर फोटो काढले. फोकस झाल्यावर मास्क काढायचा असतो. एकेका ताऱ्यातून तीन-तीन रेघा निघालेला तो सगळा संच माझ्याकडे अजून आहे.

मास्क काढून पुन्हा फोटो घेतले. मध्य चोख, उजवा कोपरा तसाच. मग वाटलं, रोहिणी मधे कशाला ठेवायची, सरळ त्या कोपऱ्यातच नेऊन फोकस करू. केलं. उजव्या बाजूची शेपटं पुष्कळ आखडली आणि डावी बाजू पार गेली. डावीकडे नेऊन फोकस केला तर उजवी गेली. मधेच कुठेतरी तडजोड केली तर दोन्हीकडे थोडं थोडं वाईट. फोकस म्हणजे एक बिंदू, ही माझी समजूत लहानपणी भिंगाने कागद जाळताना झालेली. इथे आरसा आकाशाचा एक अख्खा तुकडा उमटवत होता. तो तुकडा एका पातळीत पसरलेला असतो आणि कॅमेऱ्याचा सेन्सर त्या पातळीशी समांतर असावा लागतो. चाकी सेन्सरला फक्त पुढेमागे करते. तो कललेलाच असेल तर बिचारी चाकी काय करणार? आणि मी तिलाच पिळत बसले होते.

एवढं कळूनही मी दोष शोधला तो भलतीकडेच. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बिणीखालचा माउंट मोटारीने तिला ताऱ्यांच्या मागे फिरवतो, आणि त्याचा आस ध्रुवाच्या दिशेला रोखलेला हवा. दादाचं शेत भोरजवळ. तिथून ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम अठरा अंश, आणि नेमकं त्याच जागी आंब्याचं झाड. मी ठरवून टाकलं की आस चुकला, म्हणून तारे ओढले गेले. सगळा संसार उचलून पलीकडच्या बांधावर नेला, अंधारात चाचपडत पुन्हा जुळवला. कोपरा ढिम्म. शेवटी आमच्या आकाशदर्शन मंडळातल्या एका काकांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "सगळे तारे एकाच दिशेला ओढलेत का गं?" नव्हते. "मग माउंटला कशाला धुतेस? माउंट चुकला की अख्ख्या फोटोत सारखा चुकतो. ३० सेकंदांऐवजी २ सेकंदांचा फोटो काढून बघ." दोन सेकंदांत माउंटला चुकायला सवड तरी कुठे? काढला. तारे कमी आले, पण कोपऱ्यातल्या तेवढ्यांनाही शेपटं होतीच. दादा म्हणाला, बरं झालं, तू फांदी तोडायला सांगणार होतीस.

काकांचा पुढचा प्रश्न होता, बाकीचे तीन कोपरे कसे आहेत. मी ते पाहिलेच नव्हते. पाहिले तर चारही कोपऱ्यांत शेपटं, सगळी मध्यापासून बाहेरच्या बाजूला पसरलेली. उजवीकडे जास्त, म्हणून माझी नजर तिथेच अडकली होती. म्हणजे एकावर एक असे दोन रोग. चारही बाजूंच्या शेपटांचा रोग कोमा. न्यूटनी दुर्बिणीचा आरसा अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा असतो. बरोबर समोरून आलेला प्रकाश तो अचूक एका जागी आणतो, जरा तिरका आला की विसकटतो, आणि मध्यापासून लांब जावं तसं हे विसकटणं वाढत जातं. एफचा आकडा लहान तितकं ते जास्त, तेही वर्गाच्या हिशेबाने, एफ/१० च्या चौपट एफ/५ ला. दुर्बीण फास्ट म्हणजे फोटोत प्रकाश भराभर भरतो आणि त्याचा दंड कोपऱ्यांकडून वसूल होतो, हे विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

कोमावर औषध मिळतं. कोमा करेक्टर नावाचं भिंगांचं एक नळकांडं कॅमेऱ्याच्या पुढे लावायचं. त्याच्याबरोबरच्या कागदावर लिहिलेलं: बॅकफोकस ५५ मिमी. म्हणजे करेक्टरच्या मागच्या काठापासून कॅमेऱ्यापर्यंत एवढं अंतर. मी शिवणकामाची टेप काढली, करेक्टरच्या काठापासून कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंत मोजलं. ११ मिमी भरलं. चव्वेचाळीस कमी! लगेच जोडनळ्या मागवल्या, एकीला एक लावून ५५ भरवले आणि भोरला गेले. त्या रात्री काहीच फोकस झालं नाही. फोकसर पार आत ढकलला तरी प्रत्येक तारा म्हणजे एक मोठं कडं, मधे छोट्या आरशाची काळी सावली. काकांना फोन केला. ते म्हणाले, "कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल आहे बघ, त्याला छेदून गेलेली एक रेघ. सेन्सर त्या रेघेशी असतो. तिथपर्यंत मोजायचं." इतकी वर्षं मी ते चिन्ह नक्षी समजत आले होते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर तोंडापासून ४४ मिमी आत असतो आणि टी-रिंग, म्हणजे कॅमेरा जोडायची कडी, ११ मिमीची. बेरीज ५५. काहीही न घालता बरोबर होतं. बँकेत जन्म गेला बेरजा करण्यात.

त्याच सुमारास हबलची हकीकत वाचली आणि फार बरं वाटलं. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचे फोटो धूसर येऊ लागले. तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे ०.००२ मिमी जास्त सपाट घासला गेला होता. का, तर आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती बसवली. १.३ मिमी! मी तर चांगले ४४ चुकले होते, आणि दुरुस्तीला फक्त नळ्या काढाव्या लागल्या.

जोडनळ्या काढल्या आणि वरचे दोन कोपरे व डावा खालचा, असे तिन्ही बरेच सुधारले. उजवा खालचा तसाच. आता मला कॉलिमेशनची आठवण झाली. कॉलिमेशन म्हणजे दोन्ही आरसे आणि फोकसर एका रेषेत आणणं. लेझर कॉलिमेटर मिळतो, तो फोकसरमध्ये घालायचा. त्याचा लाल ठिपका मोठ्या आरशाच्या मधे चिकटवलेल्या कड्यात पडेपर्यंत छोट्या आरशाचे तीन स्क्रू फिरवायचे. मग परतलेला किरण आला त्याच वाटेने माघारी जाईपर्यंत मोठ्या आरशाचे बोल्ट. भरदुपारी हॉलमध्ये बसून मी ठिपका इतका अचूक बसवला की कोणीतरी बघायला हवं होतं. रात्री फोटो काढले तर चारही कोपरे चार तऱ्हांनी बिघडलेले. काका म्हणाले, "लेझर स्वतः सरळ आहे का?" हा प्रश्न मला सुचूच शकला नसता. फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकायच्या, त्यांच्या खाचेत लेझर आडवा ठेवायचा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका बघत त्याला जागच्या जागी फिरवायचं. सरळ असेल तर ठिपका हलत नाही. माझ्याने भिंतीवर छान गोल काढला. वाकड्या पट्टीने मी सगळं घर सरळ केलं होतं.

लेझर कपाटात गेला. काकांनी जुनी युक्ती सांगितली, ३५ मिमी फिल्मच्या रोलची डबी. पूर्वी घरोघर असायची ती प्लॅस्टिकची. योगायोगाने ती सव्वा इंची फोकसरमध्ये जवळजवळ घट्ट बसते. आईच्या कपाटात एक निघाली, तिच्यात सुया होत्या. तळ कापला, झाकणाच्या बरोबर मध्यावर भोक पाडलं, फोकसरमध्ये घालून त्या भोकातून डोळा लावला. आत गोलात गोल दिसतात: छोटा आरसा, त्यात मोठ्या आरशाचं प्रतिबिंब, त्यातलं मधलं कडं आणि शेवटी आपण स्वतः ज्यातून बघतोय त्या भोकाचं प्रतिबिंब. ते सगळे एकात एक नीट बसवायचे, झालं. बॅटरी नाही, किरण नाही. फोटोतला कोमा पुन्हा चारही बाजूंना सारखा आणि अगदी थोडा उरला.

आणि उजवा खालचा कोपरा? तो होताच.

मग मी अंदाजाने बघायचं सोडलं. सिरिल नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते फोटोचे कोपरे, कडा आणि मध्य असे नऊ तुकडे एकाशेजारी एक मांडून दाखवतं, शिवाय ताऱ्यांची रुंदी मोजतं. रुंदी म्हणजे ताऱ्याचा उजेड मध्यापासून निम्म्यावर येतो तिथे तो केवढा आहे, ते. माझा रोगी कोपरा मध्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद निघाला आणि तिथून समोरच्या कोपऱ्याकडे रुंदी पायरीपायरीने उतरत होती. सेन्सर कललाय, याचं याहून स्पष्ट चित्र नाही. किती कलला तर चालतो, तेही काढलं. फोकस टिकण्याची जागा किती खोल, याचं सूत्र आहे: ४.८८ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफच्या आकड्याचा वर्ग. एफ/५ ला आणि हिरव्या प्रकाशाला ते सुमारे ०.०६७ मिमी येतं. माझा सेन्सर २२ मिमी रुंद. म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक पंचमांश अंशाहूनही कमी कल चालतो. हे वाचल्यावर मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो फोकसरमध्ये बाजूच्या दोन स्क्रूंवर लटकत होता आणि बोटाने ढकलला तर चक्क हलत होता.

कल कॅमेऱ्याच्या बाजूचा की दुर्बिणीच्या, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. कॅमेरा फोकसरमध्ये अर्धा फेरा फिरवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. वाईट कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरतोय, म्हणजे कॅमेऱ्यात किंवा टी-रिंगमध्ये. समोरच्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीकडचा. मी फिरवला. वाईट कोपरा वर डावीकडे गेला. खात्रीसाठी पुन्हा मूळ जागी आणला, तर तो आला खाली डावीकडे! तिसऱ्यांदा आणखी कुठे. काका हसले. "स्क्रू सैल केलास, पुन्हा आवळलास. दर वेळी कॅमेरा नवीन तऱ्हेने वाकडा बसतोय. आधी बसवणं पक्कं कर, मग परीक्षा घे." दोन स्क्रू एकाच बाजूने दाबतात, त्यामुळे करेक्टर समोरच्या बाजूला रेटला जातो आणि जरा तिरपा होतो. त्यात कॅमेऱ्याचं वजन. दुर्बीण पूर्वेला कललेली असताना एक कोपरा वाईट आणि कृत्तिका डोक्यावर आल्यावर दुसरा, हे मी आधीच्या फोटोंत पाहिलंही होतं आणि हवेवर ढकललं होतं. स्क्रूंची पकड काढून त्या जागी आट्यांनी घट्ट बसणारं अडॅप्टर लावलं. कॅमेरा आता बोटाने हलेना. या एका कामात जेवढा फरक पडला तेवढा आधीच्या सगळ्या खटपटीत मिळून पडला नव्हता.

आता परीक्षा घेतली आणि उत्तर दर वेळी तेच आलं. दोष थोडा कॅमेऱ्याबरोबर फिरत होता, थोडा जागेवर राहत होता. फिरणारा भाग टी-रिंगचा. टी-रिंग म्हणजे कडीत कडी असते, आतली तीन अगदी बारीक स्क्रूंनी धरलेली. ते सैल करून कॅमेरा हवा तसा सरळ करता येतो. मी तो केला होता, कॅमेऱ्यावरचं नाव आडवं वाचता यावं म्हणून, आणि नंतर एक स्क्रू पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळले होते. तिन्ही सैल केले, आतली कडी बोटांनी सपाट बसवली, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

जागेवर राहणारा भाग फोकसरचा. तो नळीवर चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि एका बाजूला किंचित दबलेला होता. काका म्हणाले, "डुगडुगणाऱ्या टेबलाला काय करतेस? तेच कर." साधा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याची पट्टी त्या बाजूच्या दोन स्क्रूंखाली घातली, फोटो काढला, फरक पुरेसा नव्हता, घडी वाढवली. प्रत्येक घडीनंतर डबी लावून आरशांची जुळवणी पुन्हा करावी लागते, कारण फोकसर हलला की छोट्या आरशाशी त्याचं नातं बदलतं. हे मला तीन घड्या झाल्यावर कळलं.

या सगळ्यानंतर एका रात्री नऊचे फोटो चारही कोपऱ्यांत उत्तम आणि पहाटेचे सगळेच मऊ. एक बाजू नव्हे, अख्खा फोटो. मी कागदाच्या घड्यांवर संशय घेत स्क्रूड्रायव्हर काढला होता, तेवढ्यात नळीला हात लागला, बर्फ! पोलादाची पाऊण मीटर लांबीची नळी दर अंशाला सुमारे ०.००९ मिमी आक्रसते. सात-आठ अंश गार झालं की ती ०.०६७ ची चैन संपली. संध्याकाळी फोकस करून विसरायचं नसतं, दर तासाला मास्क लावून बघायचं असतं. आणि काढायचा असतो.

अजूनही तो कोपरा बाकीच्या तिघांहून कणभर जाड आहे. सिरिलला तो दिसतो, मला दिसतो, आणि छापताना मी कडेची पट्टी कापते. टी-रिंगच्या तिन्ही स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब टाकलाय, म्हणजे ते सैल झाले तर कळेल. कॅमेरा, कडी आणि करेक्टर मी आता सुटे करत नाही. वैशाखात भाच्याची मुंज झाली, तेव्हा वहिनीने आधीच बजावलं होतं, "ताई, तुमचा तो मोठा कॅमेरा आणा हं." मी म्हटलं, त्याला आता साधी लेन्स लावत नाही. "म्हणजे एवढा महागाचा कॅमेरा आणि माणसं दिसत नाहीत त्यातून?" मुंजीचे फोटो तिच्या फोनवर निघाले. सगळ्यांच्या एकत्र फोटोत टोकाला उभे असलेले मामा रुंदीला चांगलेच ताणले गेलेत. वाइड लेन्सचा गुण आहे तो, कॉलिमेशनचा संबंध नाही. मामांना समजावून सांगितलं, पण पटलेलं दिसलं नाही.